सळई

ती सांगाड्याखाली पाठीवर पडून होती आणि नाकापासून वीतभर वर गाडीचा पाइप होता. कुशीवर वळायलाही जागा नव्हती. वडील बाहेर स्टुलावर बसून विचारत होते, "किती?"

तिने पट्टी पुन्हा लावली. सस्पेन्शनचं शेवटचं ब्रॅकेट. वेल्डिंगचे दोन ठिपके देऊन टेकवलेलं आणि गार होताना दोन मिलिमीटर आत ओढलं गेलेलं. महिन्यात पाचव्यांदा. कापा, घासा, पुन्हा लावा, की गेला अख्खा दिवस.

नऊ वर्षं वडील घरच्या गॅरेजमध्ये ही स्पोर्ट्स कार बनवत होते. जागची हलली नाही म्हणून शेजारी तिला पलंग म्हणत. गेल्या वर्षी वडिलांची नजर अधू झाली, तेव्हा 'ब्रॅकेटं तेवढी लावून देते, मग नोकरीला जाते' असा शब्द ती देऊन बसली. हजर व्हायची तारीख तिने दोनदा पुढे ढकलून घेतली होती. उद्या सकाळी नऊला ती तिथे नसली, तर दुसऱ्या कुणाला तरी घेणार होते.

"अगं, पाचची बस आहे," आई दारातून म्हणाली. "ये बाहेर. यांचं काय, चाकं लागली तरी म्हणतील, स्टेपनी राहिली."

"किती?" वडिलांनी परत विचारलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. वडिलांना तिने आजवर माप कधी खोटं सांगितलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

वडिलांनी चाचपडत सळई उचलली. पट्टीवरचे आकडे दिसेनासे झाल्यापासून त्यांचा भरवसा या सळईवरच होता. समोरासमोरच्या दोन ब्रॅकेटच्या भोकांतून सळई अलगद आरपार गेली, की काम बरोबर. आज तरी ते सळई घालून बघणार नाहीत, अशी वेडी आशा मुलीला होती.

पहिल्या भोकातून सळई गेली. दुसऱ्याशी येऊन अडली. वडिलांनी ती जरा दाबली, किंचित फिरवली. मग थांबले.

"गेली," ते म्हणाले. "पक्कं करून टाक आणि ऊठ."

सळईचं टोक तिच्या डोळ्यांसमोर भोकाच्या काठावर टेकलेलं होतं. वडिलांनी सळई तशीच दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

तिला उठायचं होतं. हात धुवायचे होते, बस पकडायची होती. इतका वेळ ती वडिलांवर मनातल्या मनात चिडलेली होती, आणि त्या रागाच्या जोरावर ती गेलीही असती. आता तो रागच उरला नाही.

तिने ग्राइंडर जवळ ओढला.

"बाबा, सळई काढा."

"गेली म्हटलं ना मी."

"हो. ऐकलं."

वडील सळई सोडेनात. तिने खालूनच पाइपांमधून हात वर घातला आणि त्यांचं एकेक बोट सोडवलं.