पाठराखीण

"कप वरच्या फळीवर नको, मधल्या फळीवर ठेवा," टेलरताई म्हणाल्या. "काकांची नजर तिथेच जाते."

कपवालीने कप खाली घेतले. दहा वाजायला वीस मिनिटं होती. दहा वाजता व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे कोपऱ्यावरचे हार्डवेअरवाले काका, तिच्या नव्या दुकानात येऊन रीतीप्रमाणे पहिली वस्तू घेणार होते.

मंडळाची आणखी एक रीत होती. रस्त्यावर नवं दुकान आलं की शेजारच्या दुकानदाराने त्याचं बोट धरायचं, सगळ्या चालीरीती समजावून सांगायच्या. अशा शेजाऱ्याला सगळे पाठराखीणच म्हणत, मग तो मिशाळ न्हावी का असेना. कपवालीच्या वाट्याला टेलरताई आल्या आणि आपलं नशीब उघडलं असं तिला वाटलं.

टेलरताईंनी काय केलं नाही? परवान्याचा अर्ज भरून दिला. पाटी रंगवणारा गाठून आणला. फळ्या किती लांबीच्या लागतील ते बघायला गळ्यातली टेप काढून मधली भिंत दोनदा मोजली. पूर्वी हे दोन्ही गाळे एकच होते, असंही मोजता मोजता सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या दुकानात हातपाय पसरायला जागा नव्हती. बायका कोपऱ्यातल्या पडद्याआड कपडे घालून बघत आणि पडदा कपाटाच्या दारात अडकला की ओरडत. तरी बाईंच्या तोंडी कुरकुर म्हणून नाही.

कपवालीला मंडळाचा आधार हवाच होता. रस्त्यावर तीन उपाहारगृहं आणि एक लॉज होतं, आणि चौघेही कपबशा बाहेरून मागवत. ते चौघे वळले असते तरी तिचं भागलं असतं. नाहीतर भावाने सहा महिन्यांची मुदत घातलीच होती. त्यानंतर त्याच्या अंगणातली तिची भट्टी मोडून तिथे गाडी उभी राहणार होती, आणि ती स्वतः वहिनीच्या हाताखाली मोरीपाशी. घडवलेली भांडी सोडून खरकटी घासायला.

"परक्यांच्या भरवशावर उडी मारतेस," भाऊ म्हणाला होता. "मातीचे कुल्ले लागत नसतात."

"माती तू मला शिकवू नकोस, दादा," ती म्हणाली होती.

आता मात्र ती फळीवरचे कप पुन्हा पुन्हा सरळ करत होती. "ताई, रीत पुन्हा एकदा सांगा ना."

"अहो, किती घाबरता! काका एक वस्तू उचलतील. ती बांधून द्यायची. सुटी दिली तर त्यांना अपमान वाटतो. ते नको नको म्हणतील, तो त्यांचा मोठेपणा. आपण ऐकायचं नाही. आणि मदतीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. तेही काढणार नाहीत. मंडळात असं तोंडावर कुणी विचारत नाही."

मग त्यांनी निळ्या कापडाची एक छोटी पिशवी पुढे केली. तोंडाशी नाडी, कडेला बारीक टीप.

"काल बसून शिवली. खास आजच्यासाठी."

कपवालीचे डोळे भरून आले. सख्ख्या वहिनीने तिच्या रुमालालाही कधी टाका घालून दिला नव्हता.

काका ठरल्या वेळी आले. त्यांनी एकेक कप उलटा करून पाहिला, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला.

"खणखणीत आहे. भट्टी स्वतःची?"

"हो. तीनदा सगळा माल तडकला, चौथ्यांदा जमलं."

"असं काम हवंच होतं इथे." काकांनी हिरव्या काठाचा एक कप उचलला आणि त्याच्या कानात बोट अडकवलं. "हा घेतो. असाच नेतो, हातात."

"छे, असं कसं? बांधून देते."

"कशाला? चार पावलांवर तर जायचंय."

"नाही काका, बांधूनच."

काकांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "नक्की?"

"अगदी नक्की. मी ठरवूनच ठेवलंय."

टेलरताई दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या.

कप पिशवीत गेला, नाडी आवळली गेली. "तुमची मर्जी," एवढंच म्हणून काका पैसे ठेवून बाहेर पडले. मोजकं बोलणारा माणूस दिसतो, कपवालीला वाटलं.

काका रस्त्याच्या मधोमध चालत गेले. दुकानादुकानाच्या दारात माणसं उभी होती. लॉजवाला तर पायऱ्या उतरून खाली आला होता. सगळ्यांनी काकांच्या हाताकडे पाहिलं आणि एकेक करून ते आत गेले.

"ताई, सगळे बघायला आले होते!"

"येणारच. आज मंडळाला तुमचं कळलं."

कपवालीचा जीव भांड्यात पडला. तिने लगेच भावाला फोन लावला आणि भट्टीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

अर्ध्या तासाने काका टेलरताईंच्या दुकानात आले. निळी पिशवी त्यांनी शिलाई मशीनवर ठेवली.

"तुम्ही तिला रीत सांगितली होतीत ना?"

"तीनदा, काका. वस्तू सुटी हातात द्यायची, म्हणजे रस्ताभर सगळ्यांना दिसेल आणि उद्यापासून तिच्याकडे गिऱ्हाईक पाठवतील. बांधून दिली तर मंडळाची मदत नको असा अर्थ होतो. सगळं सांगितलं. म्हणाली, मला कुणाचे उपकार नकोत."

"मानी आहे बिचारी. मी दोनदा वाट मोकळी करून दिली." काका हळहळले. "लॉजवाला ऑर्डर द्यायला दारात उभा होता हो. आता कुणी तिकडे फिरकायचं नाही. वर्षभर तरी टिकेल का?"

"सहा महिने," टेलरताई म्हणाल्या. "भावाने तेवढेच दिलेत."

काका मान हलवत निघून गेले. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली.

"ताई! नीट केलं ना मी सगळं? तुम्ही सांगितलंत तसंच?"

"अगदी तस्संच!" टेलरताईंनी ओरडून सांगितलं, आणि कापडावर खुणा करायचा खडू उचलून मधल्या भिंतीवर दाराएवढी चौकट आखली.