दुसरी बशी

डुकरांच्या बंद शेडमधली हवा तपासणीत नापास झाली. मालकांनी अहवाल ड्रॉवरमध्ये कोंबला, म्हणजे ती नापास झालीच नाही.

पण प्रयोगशाळेतल्या बाईंनी शेड झाडणाऱ्या काकांना घरी फोन केलाच. "काका, जंतू पकडायला दोन बशा दिल्या होत्या. एक शेडमध्ये, दुसरी स्वच्छ जागी. दोन्हींत सारखेच जंतू उगवलेत. दोन्ही शेडमध्येच ठेवल्यात ना?"

"छे हो! दुसरी घरी, नातीच्या पाळण्याखाली. तिथं माशीलाही मज्जाव आहे."

तेवढ्यात पाळण्यातून खोकला आला, थेट काकांच्या वळणाचा.

काकांनी अंगातला कामाचा सदरा घाईघाईनं उतरवला आणि मालकांना अर्ज लिहायला घेतला: "महोदय, शेडमधील हवा अर्जदाराच्या सदऱ्यावरून नजरचुकीने घरी आली आहे. तरी ती परत ताब्यात घ्यावी, ही नम्र विनंती."