सत्तेचाळिसावा कप्पा

भूमेश्वरीने सकाळीच ठरवून टाकले होते, आज अल्बम घरातून जाणार म्हणजे जाणार. नवऱ्याला, उमेंद्रला, जाऊन वर्ष झाले होते. बबलगमच्या पाकिटात निघणारी क्रिकेटपटूंची कार्डे त्याने शाळेपासून त्या अल्बममध्ये जमवली होती. फक्त सत्तेचाळीस नंबरचे कधीच मिळाले नाही. नागपूरचा एक संग्राहक तो अल्बम न्यायला दुपारी तिच्या गावी, कुडव्याला, येणार होता.

तिने शेवटचे बघून घ्यावे म्हणून पान उलटले. सत्तेचाळिसाव्या कप्प्यात कार्ड होते. कोरे करकरीत, बबलगमच्या गोड वासाचे.

उमेंद्र नेहमी म्हणायचा, "फुकटात कार्ड घ्याचं नाई. एक घेतलं का एक द्याच लागते."

भूमेश्वरीने घरभर नजर फिरवली. आरशाच्या कोपऱ्यात खोचलेला लेकीचा, दुर्गेश्वरीचा, फोटो जागेवर नव्हता. ती मघाशीच स्कूटीने कॉलेजात गेली होती.

घाबरून बसणारी भूमेश्वरी नव्हती. तिने कार्ड कप्प्यातून काढले आणि आरशाच्या त्याच कोपऱ्यात खोचले.

"अजी, तुमचं कार्ड तुमी घ्या. माजी पोरगी मले परत करा."

चुलीवरचा चहा उतरवून ती आली, तेव्हा कार्ड नव्हते. लेकीचा फोटो परत आला होता.

तरी तिने फोन लावलाच. दुर्गेश्वरीचा आवाज जड, चिकट येत होता.

"काय खाऊन राहिली वो?"

"काईच नाई, माय," लेक रडकुंडीला आली होती. "पण मघापासून जबडा चावाचा थांबूनच नाई राहिला."