शाईचा दोष

"मालू, त्याचं मशीन पुन्हा वाजतंय गं!" आतून सासूबाईंनी हाक मारली.

"वाजू द्या, आई. कुशीवर वळले असतील."

पुढच्या खोलीत मालू पूर्वी लग्नपत्रिका छापायची. आता तसल्याच जाळीच्या चौकटीतून ती पातळ रबरावर चांदीची शाई उतरवत होती. हृदयाचे ठोके टिपणाऱ्या, छातीवर चिकटवायच्या पट्ट्या. ठोके चुकले की उशाशी ठेवलेलं मशीन वाजायचं. बायपासनंतर नवऱ्याच्या छातीवरही तिचीच पट्टी होती. पट्टी दुमडली तर शाईला तडे जातात आणि मशीन उगाच बोंबलतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? कालच तसं झालं होतं.

"हललासुद्धा नाही गं तो," सासूबाई दारात आल्या.

मालूने हातातली छपाई पुरी केली, मगच नवी पट्टी घेऊन आत गेली. नवरा भिंतीकडे तोंड करून निजला होता. जुनी पट्टी सोलून तिने नवी लावली, अंगठ्याने नीट दाबली. मशीन वाजतच राहिलं.

"मेली शाईच खराब आलीय," ती करवादली. खात्री करायला तिने तीच पट्टी काढून स्वतःच्या छातीवर चिकटवली.

मशीन गप्प झालं.