घरातली एक पाचर

टोणपे गुरुजींच्या टेबलावर तेवीस पाचरींचा ढीग होता आणि वर्गाच्या दारात चिडलेल्या पालकांची गर्दी. "घरातली एक पाचर घेऊन या," एवढाच गृहपाठ गुरुजींनी काल दिला होता. मुलांनी तो मनापासून केला होता.

"कुऱ्हाड उगारली तर पातं उडून शेजारच्या पपईत घुसलं!"

"आमचे मामंजी चहा पिता पिता बाजेसकट कलंडले!"

सगळ्यांत तापले होते शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांच्या न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती, खाली सारलेली पाचर तेवढी होती. आज अंगाला साबण लागलेला असताना शेळीनं दार ढकललं, तेही अंगणात शेजारणी पापड लाटत असताना. "गुरुजी, आजपासून तुमचे प्रयोग बंद! आणि माझी पाचर द्या."

गुरुजींचा चेहरा उतरला. ढिगातली कोणती कुणाची, हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

तेवढ्यात अध्यक्षांचीच मंजुळा पुढे आली. तिनं बरोबर एक पाचर उचलली. "बाबा, ही आपली. पातळ टोक दाराखाली सारायचं. मग बाहेरून शेळी जितकी ढकलेल, तितकी ही घट्ट बसते."

अध्यक्षांनी पाचर उलटसुलट करून पाहिली. "पोरीला कळलंय की हो," ते नरमले. "बरं, चालू द्या तुमचं."

गुरुजींनी खुशीत फळ्यावर उद्याचा धडा लिहिला: चाक.

दार क्षणात रिकामं झालं. सगळे पालक आपापल्या मोटारसायकलींकडे धावले होते.