हरणीची पट्टी

“त्या बाईले सांग, डोकं मी धरून राहिलो. तिनं पट्टी सोडावी.”

सेवकराम हे कुत्रीला म्हणाला. ती बाई म्हणजे त्याची सख्खी मुलगी अल्का, हातभर अंतरावर गुडघे टेकून बसलेली. तिने ऐकलं आणि पट्टीची गाठ सोडली.

“हरणे, तुह्या मालकाले सांग, हात हलवू नोको म्हनावं. टाक्याले लागते.”

हरणी दोघांचंही निमूट ऐकून घेत होती. टाके चाटू नयेत म्हणून तिच्या तोंडाला वासराचं मुसकं बांधलेलं होतं. दुसरं काही करण्याची तिची सोयच नव्हती.

हरणी जातीची ग्रेहाउंड, मुळातच शिडशिडी आणि पळायला वेगवान. तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराने गाव सोडताना पिल्लू सेवकरामच्या गळ्यात मारलं होतं. तिच्या बरगड्या मोजता येत, म्हणून सेवकराम कुत्रीला उपाशी ठेवतो अशी शेजारच्या सुशिलाबाईची पक्की समजूत होती. खरं तर बायको गेल्यापासून तो आधी हरणीला वाढायचा, मग स्वतः जेवायचा. त्या हिवाळ्यात तिच्या कुशीवर लिंबाएवढी गाठ दिसली. ती कवठाएवढी झाली तेव्हा सुशिलाबाईने अल्काला फोन लावला.

फोन करायला शेजारीण लागली, कारण बापलेक तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये सेवकराम हरणीला सशांमागे सोडायचा. अल्का तेव्हा नुकतीच नागझिऱ्याच्या अभयारण्यात गाइड झाली होती. ससे कोण मारतो, असं जंगलखात्याच्या माणसांनी विचारलं आणि तिने बापाचं नाव सांगितलं. सेवकरामची सशांसाठी लावलेली जाळी जप्त झाली, दोन दिवस ऑफिसात बसावं लागलं.

“बापाचं नाव घेताना जीभ नाही अडखळली?” घरी आल्यावर त्याने विचारलं.

“मंग का खोटं बोलू?” असं म्हणून अल्का निघाली ती अभयारण्याच्या गेटजवळ खोली करून राहिली. दोघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं. असं भांडण मिटवायला कुठून सुरुवात करायची, हेच कुणाला कळत नाही.

सुशिलाबाईचा फोन आला त्याच दिवशी अल्का गाडी घेऊन दारात उभी राहिली. गोंदियाच्या जनावरांच्या दवाखान्यात जाईपर्यंत सेवकराम मागच्या सीटवर कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. अंगावर चरबी नसलेल्या या जातीची भूल उतरायला वेळ लागतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी गाठ काढून झाल्यावर हरणी डोळे उघडेना, तसा तो बाकावर बसल्या बसल्या रडायला लागला. अल्काने तोंड फिरवून घेतलं. तिच्यासमोर रडल्याची त्याला लाज वाटली असती.

पट्टी बदलणं एकट्याचं काम नव्हतं. एकाने धरायचं, दुसऱ्याने पुसायचं. अल्का सकाळची फेरी संपवून रोज येऊ लागली. वासराचं मुसकं हरणीच्या निमुळत्या तोंडावरून घसरायचं, म्हणून सेवकरामने सुतळीचं नवीन विणलं. तिला थंडी वाजते म्हणून स्वतःचं स्वेटर कापून घातलं. लागेल तेवढं बोलणं कुत्रीमार्फत चालायचं. तीन वर्षांत तेवढंही झालं नव्हतं.

बाराव्या दिवशी टाके निघाले, मुसकं सुटलं. गाठीचा रिपोर्टही चांगला आला. जखमेच्या एका टोकातून मात्र थोडं पाणी येत होतं.

“पट्टी ओली होते तोवर एक दिवसाआड बदलत जा,” डॉक्टर म्हणाले. “कोरडी निघाली की बस.”

पट्टी कोरडी निघाली की अल्काचं येणंही संपणार होतं. हे दोघांनाही कळत होतं, पण कुत्रीमार्फत सांगण्यासारखं ते नव्हतं.

पट्टी कोरडी निघेना. आठ दिवस झाले, दहा झाले. अल्काने उंबऱ्यात पाय ठेवला की सेवकराम लगेच सांगे, “हरणे, सांग तिले, अजून ओलीच आहे.” अल्का हात लावून बघे, तर खरंच ओली. वरून जखम चांगली भरत आली होती. मग पाणी येतं कुठून? आत पुन्हा गाठ तर धरली नाही? तिला रात्री झोप लागेनाशी झाली.

म्हणून त्या दिवशी तिने पट्टी ओढून काढली नाही. एकेक घडी जपून उलगडली. वरची घडी चिंब होती. तिच्याखालची ओलसर. तिच्याखालची जराशी दमट. कातडीला लागलेली शेवटची घडी मात्र खडखडीत कोरडी होती. टोकाचं भोक बुजून त्यावर मऊ केसही आले होते.

अल्काने वर पाहिलं. सेवकराम कुत्रीचं डोकं धरून भिंतीकडे बघत बसला होता. त्याच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत भिजलेली होती.

“हरणे,” तो घसा खाकरून म्हणाला, “तिले इचार, कशी आहे जखम?”

अल्काला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिने नवी पट्टी घेतली, नीट गुंडाळली, गाठ मारली. मग कुत्रीच्या डोक्यावरून सरळ बापाकडे बघितलं.

“ओलीच आहे, बाबा,” ती म्हणाली. “परवा येतो मी.”