पैकीच्या पैकी काळोख

डिझाइन कॉलेजच्या शेवटच्या परीक्षेसाठी तिने गॅलरीतल्या काळोख्या खोलीत जंगल उभं केलं होतं. खोलीत माइक लपवले होते. आतली माणसं गप्प झाली, की भिंतींवर हळूहळू झाडं उगवायची. कुणी बोललं, की सगळं गडप.

परीक्षक होते तिचे सर. बोलतच आत शिरले, बोलतच बाहेर आले. तिने सांगायला दोनदा तोंड उघडलं, पण सरांच्या बोलण्यात फट सापडेना.

"नुसता काळोख! काहीही न दाखवायला धाडस लागतं, पोरी," म्हणत सरांनी पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. सर बाहेर गॅलरीच्या दारात उभे राहून लोकांना काळोख समजावत बसले, काकू एकट्याच आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या हसऱ्या चेहऱ्याने.

"किती सुंदर जंगल केलंयस गं."

तिने काकूंना पटकन बाजूला घेतलं. "काकू, गप्प राहिलं की दिसतं, हे सरांना सांगू नका ना, प्लीज."



"छे गं," काकू म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तरी कुठे सांगितलंय?"